गोळी सोडायची तर सोडा, पण त्या मेसेजवरून नको

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'जगभरातल्या शहाण्या बायका गर्भनिरोधक गोळ्या का सोडतायत? सात सत्यं, जी डॉक्टर सांगणार नाहीत.' आधी दोन-तीन ग्रुपवर दिसला तेव्हा दुर्लक्ष केलं. असल्या मेसेजांना उत्तरं देत बसलं तर दिवसभर दुसरं काही होणार नाही. मग तोच मेसेज माझ्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, मी परवापासून बंद केल्या. पाकीट अर्धंच झालं होतं.' तिला इतक्यात मूल नकोय. मग आता काय वापरतेस, असं विचारलं तर म्हणे, 'तीन महिने काही लागत नाही, शरीरात साठा असतो ना! चौथा मुद्दा वाच की.'

वाचला. म्हणून हे लिहिणं आलं.

ज्यांच्यापर्यंत मेसेज अजून पोचला नसेल त्या भाग्यवंतांसाठी सारांश. एक, बायका धडाधड गोळ्या सोडतायत, म्हणजे त्या विषारी आहेत हे सिद्ध झालं. दोन, जागतिक आरोग्य संघटनेनेच गोळीला तंबाखूच्या पंक्तीत बसवलंय. तीन, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. चार, हार्मोन्स वर्षानुवर्षं शरीरात साठतात, म्हणून आजच्या आज बंद करा, नव्वद दिवस 'शुद्धीकरण' करा, आणि घाबरू नका, तेवढ्या काळात दिवस जात नाहीत. पाच, फार वर्षं घेतल्या तर पुढे मूल होत नाही. सहा, वजन वाढतं आणि मन खचतं. सात, कंपन्या हे सगळं दडवतात. तळाशी शुद्धीकरणाच्या पावडरीची लिंक. लिंक पाहिली की मेसेज कुणी आणि का लिहिला असेल याबद्दल फारसं कुतूहल उरत नाही.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते. बाकीच्या सहांनी नुसती डोकेदुखी होईल, याने दिवस जातील.

नेहमीच्या संयुक्त गोळीत दोन हार्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेन बहुतेक वेळा इथिनिल एस्ट्राडायॉल या रूपात असतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण एका दिवसात निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्याही निम्मं, आणि आठवडा संपेपर्यंत नावापुरतं उरतं. गळक्या बादलीत रोज तांब्याभर पाणी ओतत राहावं, तसा हा प्रकार आहे. साठा असता तर गोळी रोज कशाला घ्यावी लागली असती? दोन गोळ्या विसरल्या तर काय करायचं याच्या सूचना पाकिटातल्या पत्रकात कशाला छापल्या असत्या? पाच वर्षांचा साठा अंगात असलेल्या बाईला दोन दिवसांच्या विसरभोळेपणाची कसली भीती! पण प्रत्यक्षात एकवीस गोळ्यांनंतरची सात दिवसांची सुट्टी लांबून आठ-नऊ-दहा दिवसांची झाली, तरी बीजांडकोश जागे होऊन बीज सुटू शकतं. गोळी घेणाऱ्या कुठल्याही बाईला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. बहुतेकींना कुणी सांगत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्याकडे पुढे येतेच.

युरोपात गोळी घेणाऱ्या हजारो बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. मूल हवं म्हणून गोळी थांबवलेल्या दोन हजारांवर बायकांचे त्यातले निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्याच चक्रात २१ टक्के गरोदर राहिल्या. वर्षभरात ७९ टक्के. गोळी कधीच न घेतलेल्या जोडप्यांमध्येही साधारण असंच चित्र दिसतं. म्हणजे 'तीन महिने काही होत नाही' हा चौथा मुद्दा आणि 'पुढे मूलच होत नाही' हा पाचवा, दोन्ही एकाच आकडेवारीत निकालात निघाले. त्यातून आधी साठ्यामुळे मूल होत नाही म्हणायचं, मग साठा धुऊन काढेपर्यंत तरी होणार नाही म्हणून निर्धास्त करायचं! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज सलग वाचलेला दिसत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, म्हणजे १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, त्याची गोष्ट वेगळी आहे. ते स्नायूत टोचतात आणि तिथून औषध हळूहळू झिरपत राहतं. ते सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी दहा महिने, काहींना त्याहून जास्त. वर्षभरात मूल हवं असेल तर ते इंजेक्शन घेऊ नये, हे आधीच सांगितलं जायला हवं. पण हा उशीर म्हणजे संरक्षण नव्हे. इंजेक्शनचा भरवसा तीन महिन्यांपुरताच. मेसेजवाल्याने बहुधा हे कुठेतरी वाचलं आणि गोळीच्या माथी मारलं.

अर्ध्या पाकिटात गोळी बंद केलेल्यांनी आता काय करायचं? त्याआधी सलग सात गोळ्या नीट घेतल्या असतील तर मागच्या संबंधांची फार काळजी नको. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातच बंद केली असेल तर मागचे पाच दिवसही हिशेबात धरा, कारण शुक्रजंतू तेवढे दिवस तग धरू शकतात. आणि बंद केल्या दिवसापासून प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं साधन हवंच. काही न वापरता संबंध आलेच असतील तर आपत्कालीन उपाय आहेत: लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ७२ तासांत, युलिप्रिस्टलची १२० तासांत, किंवा पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं. कुठला आपल्याला योग्य ते डॉक्टरांना विचारा, पण विचारायला चार दिवस लावू नका.

शुद्धीकरणाबद्दल एवढंच, की ते काम यकृत आणि मूत्रपिंडं पावडरीशिवाय करतात. गोळी बंद केल्यावर पुरळ परत येतं, पाळी मागे-पुढे होते, जुनं पोटदुखणं पुन्हा डोकं वर काढतं, हे खरंच घडतं. पण बहुतेक वेळा तो गोळीने केलेला बिघाड नसतो. आधीपासून असलेला त्रास गोळीने झाकून ठेवलेला असतो, तो उघडा पडतो. तीन महिन्यांत पाळी आलीच नाही तर तपासणी करायची, आणि पहिली तपासणी गरोदरपणाची.

आता तिसरा मुद्दा, गुठळ्या. हा खोटा नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. गोळीतल्या इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते हे कुणीच नाकारत नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण दोघींना शिरांमध्ये गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असलेली रोजची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, आणि ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल या दुसऱ्या प्रोजेस्टिनवाल्या गोळ्यांत नऊ ते बारा जणींना. म्हणजे 'दुप्पट' हा शब्दसुद्धा कमीच पडला, घ्या! पण किती मधून किती, हे न सांगता नुसतं 'पट' सांगितलं की काय होतं, याचा अनुभव एका अख्ख्या देशाने घेतलेला आहे.

१८ ऑक्टोबर १९९५. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या प्रोजेस्टिनवाल्या, गोळ्यांमुळे गुठळ्यांचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातमी टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत आधी पोचली, डॉक्टरांना पाठवलेली पत्रं मागाहून. प्रत्यक्ष वाढ होती साधारण सात हजारांत एकीपासून सात हजारांत दोघींपर्यंत. हे कोण सांगणार? 'शंभर टक्के वाढ' एवढंच लोकांच्या कानावर गेलं. गोळ्या अशा अचानक सोडू नका, डॉक्टरांशी बोला, हेही सांगितलेलं होतं, पण ते मथळ्यात नव्हतं. असंख्य बायकांनी गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या. पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समधले गर्भपात आदल्या वर्षापेक्षा सुमारे तेरा हजारांनी वाढले. वर्षानुवर्षं कमी होत आलेला आकडा उलटा फिरला.

आणि खरी मेख पुढे आहे. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका कुठल्याही गोळीपेक्षा जास्त असतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर त्याच्याही कित्येक पट. म्हणजे गुठळीला भिऊन ज्यांनी गोळी सोडली आणि दुसरं काही धरलं नाही, त्यांच्यातल्या कित्येकी गुठळीच्या जास्त मोठ्या धोक्याच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या मेसेजमध्ये 'गोळी की गरोदरपण' ही तुलनाच नाही. त्यात तुलना आहे गोळी आणि एका काल्पनिक बाईची, जी गोळीही घेत नाही, जिला दिवसही जात नाहीत आणि जी पावडर पिते.

दुसरा मुद्दा बऱ्याच जणींना गप्प करतो, कारण तिथे जागतिक आरोग्य संघटनेचं नाव आहे. वर्गीकरण खरं आहे. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००५ मध्ये संयुक्त गोळ्यांना पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. दारूही आहे, सूर्याचे किरणही आहेत आणि सुतारकामात उडणारी लाकडाची धूळही आहे. एखाद्या गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का, यावर ते गट पाडलेले असतात. धोका किती मोठा, याच्याशी त्या गटाचा संबंध नाही. सिगारेट आणि कोवळं ऊन एकाच यादीत आहेत म्हणून दोन्ही सारखीच, असं कुणी म्हणत नाही. गोळीबद्दल मात्र बिनदिक्कत म्हणतात.

त्याच संस्थेने त्याच अहवालात हेही लिहिलं की गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगापासून गोळी संरक्षण देते. हे वाक्य मेसेजमधून बरोबर गळलं. २००८ च्या एका मोठ्या विश्लेषणात ४५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती. गोळी घेतलेल्या दर पाच वर्षांमागे बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका साधारण वीस टक्क्यांनी घटतो आणि हा फायदा गोळी सोडल्यावरही कित्येक वर्षं टिकतो, असं त्यात दिसलं. दुसऱ्या पारड्यात स्तनाचा कर्करोग. डेन्मार्कमधल्या अठरा लाख बायकांच्या नोंदींवरचा २०१७ चा अभ्यास म्हणतो की धोका वीस टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात, वर्षभर हार्मोन्स वापरणाऱ्या सुमारे ७,७०० बायकांमागे एक जादा रुग्ण. दीर्घकाळ वापरणाऱ्यांत वाढ अधिक. पाच वर्षांहून जास्त वापरलं तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, सोडल्यावर तो ओसरत जातो. ज्या बाईला स्तनाचा कर्करोग आहे किंवा होऊन गेलाय तिने ही गोळी घेऊ नये, यात वादच नाही. बाकीच्यांना दोन्ही पारडी दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

वजन. संयुक्त गोळ्यांवरच्या ४९ चाचण्या तपासलेल्या एका आढाव्यात मोठी वाढ आढळली नाही. इंजेक्शनने काहींचं वजन खरंच वाढतं. पुढे चला.

मनाचं मात्र असं झटक्यात उडवून लावता येत नाही. डेन्मार्कमधलाच २०१६ चा अभ्यास, दहा लाखांहून अधिक तरुणी. संयुक्त गोळी घेणाऱ्यांमध्ये पहिल्यांदाच नैराश्याची औषधं सुरू होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पंधरा ते एकोणीस वयात ८० टक्क्यांनी. कारण गोळीच, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण गोळी सुरू होते त्या सुमाराला आयुष्यात इतरही बरंच काही सुरू होत असतं. पण म्हणून 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणत मुलीला परत पाठवण्याचा अधिकारही कुणाला मिळत नाही. उलट बाजूने १९६९ मधला मेक्सिकोतला एक प्रयोग नेहमी पुढे केला जातो: बायकांना गर्भनिरोधक म्हणून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तरी सुमारे तीस टक्के जणींनी कामेच्छा कमी झाल्याचं सांगितलं आणि सोळा टक्के जणींनी डोकं दुखल्याचं. (अशा प्रयोगाला आज कुठली नैतिक समिती परवानगी देईल, हा वेगळा प्रश्न.) यावरून एवढंच कळतं की सगळा त्रास गोळीचा नसतो. त्रास होत नव्हता, असं कळत नाही. गोळी सुरू केल्यावर आपण आपल्यासारख्या राहिलो नाही असं वाटत असेल तर ते गोळी बदलायला किंवा सोडायला पुरेसं कारण आहे. त्यासाठी विषाची कथा लागत नाही.

सातवा, कंपन्या दडवतात. हा मुद्दा १९७० साली खरा होता. १९६० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असतं. १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावण्या घेतल्या. पण गोळी घेणाऱ्या एकाही बाईला तिथे साक्षीला बोलावलं नव्हतं. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि आम्हाला हे आधी का सांगितलं नाही म्हणून त्यांनी सुनावणी रोखून धरली. पाकिटात धोक्यांची माहिती छापून देण्याची सुरुवात त्यातून झाली. आज गुठळ्या, कर्करोग, नैराश्य, सगळं त्या घडीच्या पत्रकात बारीक अक्षरात छापलेलं असतं. मेसेजने उघड केलेलं 'गुपित' पाकिटातच आहे, फक्त भिंग घेऊन वाचावं लागतं.

राहिला पहिला मुद्दा. बायका सोडतात, हे शंभर टक्के खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये साठ राष्ट्रीय सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की आधुनिक साधन सुरू केलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बायका पहिल्याच वर्षात ते थांबवतात आणि दोन वर्षांत निम्म्याहून जास्त. त्यात गोळी, इंजेक्शन, कंडोम, सगळंच आलं. म्हणजे मेसेजच्या तर्काने कंडोमही विषारीच!

का सोडतात? अमेरिकेतल्या १९९८ च्या एका अभ्यासात गोळी सोडणाऱ्यांपैकी ४६ टक्के जणींनी दुष्परिणाम हे कारण दिलं. २३ टक्के जणींना तिची गरजच उरली नव्हती: मूल हवं होतं, नाहीतर नातं संपलं होतं. बाकीच्यांची कारणं ऐकाल तर त्यात नाट्य काही नाही. रोज आठवण राहत नाही. संपल्यावर आणायला जमलं नाही. नवऱ्याला पसंत नाही. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं: मधेच डाग लागतात. पाळी कधी येईल याचा नेम नाही, किंवा येतच नाही, आणि हे असंच असतं की काही बिघडलंय हे सांगायला कुणी नाही. दंडात बसवायची इम्प्लांटची काडी वापरणाऱ्यांपैकी साधारण अकरा टक्के जणी अनियमित रक्तस्रावामुळेच ती काढून घेतात. त्याच १९९८ च्या अभ्यासातला जास्त महत्त्वाचा आकडा असा: गोळी सोडल्यावरही ज्यांना दिवस जाण्याची शक्यता होती, त्यांतल्या पाचपैकी चौघींहून जास्त जणींनी एकतर काहीच वापरलं नाही किंवा गोळीपेक्षा कमी भरवशाचं काहीतरी वापरलं.

यावर उपाय काय, तो चीनमध्ये करून झालेला आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४२१ बायकांना तेच तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं. एका गटाला नेहमीसारखं दिलं. दुसऱ्या गटाला आधी आणि दर भेटीत नीट बसवून सांगितलं की डाग लागतील, पाळी थांबेल, ती थांबली म्हणजे रक्त आत साठून राहत नाही, अमुक झालं तर या. वर्षअखेर पहिल्या गटातल्या ४२ टक्के जणींनी इंजेक्शन सोडलेलं होतं. दुसऱ्या गटात ११ टक्के. इंजेक्शन तेच, मात्रा तीच. विषाचा सिद्धांत इथे कसा बसवायचा ते मेसेजवाल्याने सांगावं. मला तर यात डॉक्टरांच्या घाईचाच दोष जास्त दिसतो. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून 'पुढचा पेशंट' म्हटलं की उरलेलं समुपदेशन असले मेसेज करतात.

बाकी, गोळी आजच्या आज थांबवण्याची खरी कारणं आहेत, आणि सातांतल्या एकाही मुद्द्यात ती नाहीत. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमक किंवा काळे ठिपके येतात, अशी अर्धशिशी असेल तर संयुक्त गोळी घेऊ नये. वय पस्तिशीच्या पुढे आणि दिवसाला पंधरा किंवा जास्त सिगारेटी असतील तर नको. रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून वर असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, बाळ सहा आठवड्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तरी नको. क्षयावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा भरवसा राहत नाही, तिथे दुसरं साधन हवं. यांतल्या बहुतेकींना नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी किंवा तांबी चालू शकते; ही औषधं चालू असतील तर मात्र प्रोजेस्टिनच्या गोळीचाही भरवसा नाही. आणि गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर गोळी तिथेच थांबवा आणि थेट दवाखाना गाठा. गेल्यावर गोळी चालू होती हे न विसरता सांगा.